उत्क्रांतीच्या वेगाचे मोजमाप: घोड्याच्या दाढेपासून वंशवृक्षाच्या फांद्यांपर्यंत

सजीवांच्या सगळ्या वंशशाखा एकाच वेगाने बदलत नाहीत, ही गोष्ट चार्ल्स डार्विन यांच्या नजरेतून सुटली नव्हती. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये त्यांनी लिंग्युला या शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या सागरी प्राण्याचा दाखला दिला. सिल्युरियन काळातला लिंग्युला आणि आजचा लिंग्युला यांत फारसा फरक नाही; त्याच्या काळचे बहुतेक मृदुकाय आणि सगळे कवचधारी प्राणी मात्र पार बदलून गेले. प्लॅटिपस आणि फुप्फुसमासा यांना ‘जिवंत जीवाश्म’ म्हणण्याची सुरुवातही याच पुस्तकातली. पण हे सारे ‘जलद’ आणि ‘संथ’ या विशेषणांपुरतेच राहिले. वेग सांगायचा तर बदल किती आणि काळ किती, असे दोन आकडे हाताशी हवेत. खडकांचे वय वर्षांत सांगण्याची खात्रीची सोय एकोणिसाव्या शतकात नव्हती. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय काढण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळली, तेव्हा कुठे हा हिशेब मांडता येऊ लागला.

तो पहिल्यांदा नीट मांडला अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी. त्यांचे ‘टेम्पो अँड मोड इन इव्होल्यूशन’ हे पुस्तक १९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असतानाच बाहेर पडले. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांवर काम करणाऱ्या सिम्पसन यांनी घोड्यांच्या वंशातील दाढांची मापे घेतली आणि कोणत्या काळात दाढेची उंची किती वाढली याचा तक्ता केला. दुसरा मार्ग त्याहून ढोबळ होता: एखादे गोत्र, म्हणजे जवळच्या जातींचा गट, सरासरी किती काळ टिकते, हे पाहायचे. शिंपल्यांची गोत्रे आणि मांसाहारी सस्तनांची गोत्रे यांची अशी तुलना केल्यावर मांसाहारी प्राण्यांची उलाढाल सुमारे दसपट वेगवान निघाली. यावरून सिम्पसन यांनी वेगांचे तीन वर्ग केले: बहुसंख्य शाखांचा नेहमीचा वेग, त्याहून फार संथ आणि त्याहून फार जलद. जलद वर्गाबद्दल त्यांचे म्हणणे असे की एखादी शाखा जगण्याच्या नव्या क्षेत्रात शिरते तेव्हा ती झपाट्याने बदलते आणि जागा पक्की झाली की मंदावते. पुढच्या सत्तर वर्षांत गणिती मॉडेलांनी तपासलेल्या बहुतेक कल्पना या एका पुस्तकात बीजरूपाने आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. फक्त सिम्पसन यांच्याकडे त्या तपासण्याचे यंत्र नव्हते.

एकक दिले ते जे. बी. एस. हाल्डेन यांनी. १९४९ मध्ये ‘इव्होल्यूशन’ या नियतकालिकात त्यांनी सुचवले की लांबीतला फरक मिलिमीटरमध्ये न मोजता प्रमाणात मोजावा, कारण उंदराच्या दाढेत एक मिलिमीटर म्हणजे क्रांती आणि हत्तीच्या दाढेत तो नगण्य. म्हणून मापाचा लॉगॅरिदम घ्यायचा. दहा लाख वर्षांत एखादे माप ‘ई’ या गणिती संख्येच्या पटीत, म्हणजे सुमारे २.७१८ पट, वाढले किंवा घटले तर तो वेग एक ‘डार्विन’. घोड्याच्या दाढेसाठी हे एकक फारच मोठे ठरले; सिम्पसन यांच्या मापांवरून येणारे वेग डार्विनच्या हजाराव्या भागात, मिलिडार्विनमध्ये, सांगावे लागले. त्याच लेखात हाल्डेन यांनी दुसरी वाटही दाखवली: बदल त्या जातीतील नैसर्गिक वैविध्याच्या, म्हणजे प्रमाण विचलनाच्या, पटीत मोजावा. दुसऱ्या वाटेवरच्या एककाला, म्हणजे एका पिढीत किती प्रमाण विचलने बदल झाला या मापाला, ‘हाल्डेन’ हे नाव १९९३ मध्ये मिळाले.

त्याच १९४९ साली स्टॅन्ली वेस्टॉल यांनी फुप्फुसमाशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकेका लक्षणाला गुण देत त्यांनी या शाखेने आपली आदिम लक्षणे कधी टाकली याचा आलेख काढला. बदलाचा बहुतांश भाग डेव्होनियन काळातच उरकला होता आणि नंतरची कोट्यवधी वर्षे जवळपास सपाट होती. म्हणजे जो प्राणी डार्विन यांना जिवंत जीवाश्म वाटला, तोही एके काळी वेगवान होता. वेग हा शाखेचा जन्मजात गुण नसून तिच्या आयुष्यातील टप्प्यांचा गुण असू शकतो, हे इथे प्रथम आकड्यांत दिसले.

एकक मिळाल्यावर पुढची तीन दशके आकडे गोळा होत गेले. मिशिगन विद्यापीठातील फिलिप जिंजरिच यांनी १९८३ मध्ये ‘सायन्स’मध्ये असे ५२१ वेग एकत्र मांडले आणि जे दिसले ते चमत्कारिक होते. प्रयोगशाळेतल्या कृत्रिम निवडीचे वेग सरासरीने सुमारे ५८,७०० डार्विन. गेल्या काही शतकांत नव्या प्रदेशात वसलेल्या प्राण्यांचे सुमारे ३७०. हिमयुगानंतरच्या सस्तनांचे ३.७, आणि जीवाश्मांच्या दीर्घ मालिकांचे एक दशांश डार्विनपेक्षाही कमी. वरवर वाचले तर असे वाटेल की प्रयोगशाळेतले उंदीर उत्क्रांतीचे धावपटू आणि जीवाश्म प्राणी गोगलगायी. खरे कारण वेगळे होते. निरीक्षणाचा काळ जितका मोठा, तितका हाती येणारा वेग लहान.

याचे एक कारण सरासरीत लपलेले आहे. गालापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट १९७३ पासून फिंच पक्ष्यांची मापे घेत आले. १९७७ च्या दुष्काळात लहान बिया संपल्या, मोठ्या चोचीचे पक्षी तगले आणि पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड झाली. १९८२-८३ च्या एल निनोत पाऊस धो धो पडला, लहान बियांचा सुकाळ झाला आणि निवड उलट्या दिशेने फिरली. दोन्ही बदल एकेकटे पाहिले तर वेग प्रचंड. दहा वर्षांचा एकत्र हिशेब केला तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. दुसरे कारण स्टीफन जे गुल्ड यांनी १९८४ मध्ये जिंजरिच यांना उत्तर देताना पुढे केले: फार लहान बदल कुणी नोंदवत नाही आणि फार मोठा बदल झाला तर पूर्वज-वंशज हे नातेच ओळखू येत नाही. त्यामुळे नोंदला जाणारा बदल नेहमी मध्यम आकाराचा असतो आणि त्याला लहान-मोठ्या काळाने भागले की उतरता आलेख आपोआप मिळतो. वाद कडवट झाला, पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य करावी लागली: वेगवेगळ्या कालखंडांवर मोजलेले डार्विन शेजारी ठेवून कुणाला जलद, कुणाला संथ ठरवता येत नाही.

मग तुलना करायची कशी? उत्तर दुसऱ्याच दिशेने येत होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीतील पाव्हिया येथे ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स आणि लुइजी लुका काव्हाली-स्फोर्झा हे मानवी समूहांच्या रक्तगटांवरून त्यांचा वंशवृक्ष काढण्याच्या खटपटीत होते. जनुकांचे प्रमाण पिढ्यानुपिढ्या योगायोगाने वरखाली होते, हे धरून त्यांनी ब्राऊनियन गतीचे गणित वापरले. पाण्यात परागातले कण सतत इकडेतिकडे हलताना रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ मध्ये पाहिले होते, त्याचेच हे गणित. अशा चालीत सरासरी जागची हलत नाही, पण विखुरणे काळाच्या प्रमाणात वाढत जाते. चौपट काळ गेला तर दोन शाखांमधील अपेक्षित फरक चौपट नव्हे, दुप्पट होतो. म्हणजे फरकाला सरळ काळाने भागणे, जे डार्विन या एककात केले जाते, ते दिशाहीन बदलासाठी मुळातच गैरलागू आहे. जिंजरिच यांच्या उतरत्या रेषेचा एक भाग इथे उलगडतो.

हे गणित तुलनात्मक जीवशास्त्रात पक्के बसवले सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील जोसेफ फेल्सेनस्टाइन यांनी. त्यांचा १९८५ चा ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’मधील लेख या क्षेत्राचा पाया मानला जातो. त्यातले उदाहरण साधे होते. ४० जाती आहेत. त्यांतल्या २० एका शाखेच्या आणि २० दुसऱ्या शाखेच्या. आलेखावर ४० ठिपके टाकले तर दोन गुणधर्मांत घट्ट संबंध दिसतो. पण प्रत्येक शाखेतल्या वीस जातींनी आपली मापे एकाच पूर्वजाकडून घेतलेली असतील, तर खऱ्या स्वतंत्र घटना दोनच. चाळीस साक्षीदार उभे केले आणि ते दोनच कुटुंबांतले निघाले, असा हा प्रकार. फेल्सेनस्टाइन यांचा उपाय असा की जातींची मापे न वापरता भावंड-शाखांमधले फरक घ्यायचे आणि प्रत्येक फरकाला विभक्त होऊन गेलेल्या काळाच्या वर्गमुळाने भागायचे. या फरकांच्या वर्गांची सरासरी म्हणजेच त्या वंशाच्या उत्क्रांतीचा वेग. थिओडोर गारलंड यांनी १९९२ मध्ये हीच युक्ती उलटी वापरली: एका वंशाचे फरक दुसऱ्या वंशाच्या फरकांपेक्षा मोठे आहेत का, हे तपासले की कोण जलद हे कळते. आता दोन्ही बाजूंना एकच मोजपट्टी होती, आणि काळ त्या मोजपट्टीतच जमा धरलेला होता.

ब्राऊनियन चालीचा दोष असा की तिला कुंपण नाही. कोट्यवधी वर्षे सोडली तर उंदीर देवमाशाएवढा व्हायलाही गणिताची हरकत नसते. रसेल लँड यांनी १९७६ मध्ये आणि त्यांच्यानंतर नॉर्वेचे थॉमस हान्सन यांनी १९९७ मध्ये या जागी ऑर्नस्टाइन आणि उलेनबेक या भौतिकशास्त्रज्ञांचे १९३० मधील समीकरण आणले. त्यात बदल योगायोगानेच होतो, पण एक इष्टतम मूल्य त्याला आपल्याकडे ओढत राहते. जितके लांब जावे, तितकी ओढ जास्त. अशा शाखेचा वेग थोड्या काळात मोठा दिसतो, पण दीर्घ काळात एकूण फरक वाढत नाही. मार्गरीट बटलर आणि ॲरन किंग यांनी २००४ मध्ये हे लेसर अँटिलीस बेटांवरच्या ॲनोलिस सरड्यांना लावून दाखवले. ज्या बेटावर सरड्याची एकच जाती आहे तिथे ती मध्यम आकाराची असते. दोन जाती एकत्र राहतात तिथे सहसा एक मोठी व एक लहान. लहान, मध्यम आणि मोठे अशी तीन वेगळी इष्टतम मूल्ये धरणारे मॉडेल साध्या ब्राऊनियन मॉडेलपेक्षा या मापांशी कितीतरी चांगले जुळले.

‘चांगले जुळले’ म्हणजे काय, याला नियम हवा होता. जास्त आकडे बसवण्याची मुभा दिली तर कोणतेही मॉडेल जास्त जुळते. त्यात पराक्रम नाही. जपानी सांख्यिकीतज्ज्ञ हिरोत्सुगु अकाइके यांनी १९७४ मध्ये याचा तोडगा दिला होता. मॉडेल किती जुळते ते पाहायचे आणि त्यात जितके जास्तीचे आकडे वापरले तितका दंड वजा करायचा. उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी हा निकष उचलला आणि त्या दिवसापासून या धंद्याची भाषा बदलली. ‘ही शाखा जलद आहे का’ या प्रश्नाची जागा ‘एकच वेग धरणारे मॉडेल सरस, की दोन वेग धरणारे’ या प्रश्नाने घेतली.

ब्रायन ओ’मीरा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमके हेच करणारी पद्धत व ‘ब्राऊनी’ हा संगणक कार्यक्रम दिला. वंशवृक्षाच्या काही फांद्या एका रंगाने आणि काही दुसऱ्या रंगाने रंगवायच्या, प्रत्येक रंगाला स्वतःचा वेग द्यायचा आणि पाहायचे. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये गॅव्हिन थॉमस, रॉबर्ट फ्रेकलटन आणि तामाश सेकेली यांनी किनारी पक्ष्यांवर असाच प्रयोग केला. ही पद्धत माशांच्या अभ्यासात विशेष फळली. उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातील सनफिश कुळात मासेखाऊ शाखांच्या जबड्यांची रचना इतरांपेक्षा संथ बदलली असे दिसले. पळते भक्ष्य पकडायला तोंडाची एकच ठेवण लागते, म्हणून फरकाला वाव कमी. उलट रॅस आणि पोपटमासे यांच्या कुळात प्रवाळभित्तींवर राहणाऱ्या शाखांच्या तोंडाची रचना भित्तींबाहेरच्या भाईबंदांपेक्षा वेगाने बदलत गेली. दोन्ही निष्कर्षांत वेगाच्या फरकामागे जगण्यातले ठोस कारण आहे, म्हणून ते नुसत्या आकडेमोडीपेक्षा जास्त पटतात.

सिम्पसन यांच्या जुन्या कल्पनेची, म्हणजे आधी झपाटा आणि मग मंदी या क्रमाची, परीक्षा २०१० मध्ये झाली. ल्यूक हार्मन आणि त्यांच्या मोठ्या गटाने प्राण्यांच्या ४९ वंशांतील शरीराचे आकारमान आणि ठेवण तपासली. तीन मॉडेले समोरासमोर होती: ब्राऊनियन, इष्टतम मूल्याची ओढ असलेले आणि ‘आरंभीचा स्फोट’ मानणारे. स्फोटाला पाठिंबा फारच थोड्या वंशांत मिळाला. पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसलेल्या कल्पनेला हा मोठाच धक्का होता. मात्र आज जिवंत असलेल्या जातींच्या मापांत जुन्या स्फोटाचा माग पुसट होत जातो, त्यामुळे पुरावा सापडला नाही याचा अर्थ घटना घडलीच नाही असा होत नाही, हेही नंतरच्या कामांनी दाखवले.

दरम्यान संगणक स्वस्त झाले आणि ‘आर’ या मोफत सांख्यिकी भाषेत या पद्धतींची तयार साधने कुणालाही मिळू लागली. कोणत्या फांदीवर वेग बदलला हे संशोधकाने आधी ठरवायचीही गरज उरली नाही. क्रिस व्हेंडिटी, अँड्र्यू मीड आणि मार्क पेगेल यांनी २०११ मध्ये सस्तन प्राण्यांच्या वंशवृक्षावर वेगबदलाच्या जागा संगणकालाच शोधायला लावल्या. वेग फांदीगणिक वेगळा निघाला आणि झपाटे केवळ आरंभी नव्हे, पुढेही येत राहिलेले दिसले. २०१७ मध्ये शेफील्डच्या गटाने दोन हजारांहून अधिक जातींच्या पक्ष्यांच्या चोची संग्रहालयातील नमुन्यांवरून त्रिमितीय स्कॅन केल्या आणि त्यांवर खुणा करण्याचे किचकट काम इंटरनेटवरच्या स्वयंसेवकांकडून करून घेतले. चोचींच्या आकारांचा मोठा पसारा पक्ष्यांच्या इतिहासात लवकर मांडला गेला, नंतर बहुतेक शाखा त्याच पसाऱ्यातल्या मोकळ्या जागा भरत राहिल्या आणि मोजक्या शाखांनी मध्येच मोठी उडी घेतली, असे त्यातून निघाले. सिम्पसन यांचे म्हणणे पूर्ण खरे नाही आणि पूर्ण खोटेही नाही, हा निकाल त्यातल्या त्यात न्याय्य.

यातले बहुतेक काम जिवंत जातींवर झाले, आणि तीच त्याची लंगडी बाजू आहे. श्वानवर्गीय मांसाहारी प्राण्यांत आजच्या जातींवरून पूर्वजाचे आकारमान काढले तर तो मध्यम आकाराचा येतो. जीवाश्म धरले की तो लहानसा प्राणी ठरतो आणि मोठे होत जाण्याचा कल स्पष्ट होतो. रॉजर बेन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये डायनोसॉरच्या ४२६ जातींचे वजन पायांच्या हाडांच्या घेरावरून काढले. आरंभीचा वेग बहुतेक शाखांत ओसरला, पण पक्ष्यांकडे जाणाऱ्या शाखेत तो टिकून राहिला. ग्रॅहम स्लेटर यांनी २०१३ मध्ये सस्तनांच्या आकारमानाबद्दल जीवाश्मांसह एक वेगळेच मॉडेल मांडले: ६.६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत ओढीने जखडलेली उत्क्रांती, आणि त्यानंतर ओढ सुटलेली. ही सीमारेषा म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाले तो काळ. मेक्सिकोतील अशनीची धडक आणि ज्याने महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापला तो दख्खनच्या पठाराचा लाव्हा, या दोन्ही घटना त्याच सुमारास घडल्या; त्या ऱ्हासात कोणाचा वाटा किती, यावर अजून वाद आहे.

एकेका जीवाश्म मालिकेलाही हीच मॉडेले लावली गेली. स्मिथसोनियन संस्थेचे जीन हंट यांनी २००७ मध्ये अडीचशेहून अधिक मालिका तपासल्या. त्यांपैकी एका दिशेने जाणाऱ्या जेमतेम पाच टक्के निघाल्या. उरलेल्या दिशाहीन चाल आणि जवळपास स्थिरता यांत वाटल्या गेल्या. जोसेफ उयेडा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वर्षांपासून कोट्यवधी वर्षांपर्यंतची मापे एकाच पटावर आणली, तेव्हा जिंजरिच यांच्या कोड्याचा उरलेला भागही बराचसा सुटला: सुमारे दहा लाख वर्षांपर्यंत बदल एका मर्यादेतच घुटमळतो आणि मोठे, टिकाऊ बदल त्यानंतर क्वचित येतात.

साधने सोपी झाली तसा त्यांचा गैरवापरही वाढला. नॅटली कूपर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की थोड्या जाती आणि मापनातली किंचित चूक एवढ्यावरही इष्टतम मूल्याचे मॉडेल विनाकारण जिंकते. मग त्यावरून स्थिरकारक निवडीच्या, म्हणजे टोकाची मापे छाटून सरासरी जपणाऱ्या निवडीच्या, गोष्टी रचल्या जातात. अकाइके यांचा निकष समोर ठेवलेल्या मॉडेलांतले सर्वांत बरे निवडतो. ते स्वतः चांगले आहे की नाही, हे तो सांगत नाही. मॅथ्यू पेनेल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सपुष्प वनस्पतींच्या पानांच्या व बियांच्या मापांवर याची कसोटी घेतली. प्रत्येक गटात विजयी मॉडेलाने नव्याने आकडे तयार करून ते खऱ्या आकड्यांशी ताडून पाहिले, आणि अनेक गटांत जिंकलेले मॉडेलही त्या कसोटीवर नापास झाले.